चादरीखालचा नकाशा

त्या सकाळी खालच्या मशीनवरची चादर काढायला कोणी सांगितलं होतं?

हा प्रश्न मी चौकशीत, भरल्या खोलीत उभं राहून विचारला. साहेब म्हणाले, "बसा." लिहून घेणाऱ्याने लिहिलं नाही. आणि ज्यांनी उत्तर द्यायचं, ते मोजणीच्या ऑफिसचे मुख्य, मास्तर, समोरच्या ग्लासातलं पाणी बघत बसले. मला वाटलं होतं, ते स्वतःहून बोलतील. नाही बोलले. त्या खोलीत कोणीच नाही बोललं.

तुम्ही म्हणाल, मशीनवर चादर कसली? सांगतो. मी सातवीत शाळा सोडली. वाचतो ते बोट फिरवून. पण हे मला दादाने शिकवलंय, आणि दादाने शिकवलेलं मी विसरत नाही.

आम्ही दोघे खाणीत कामाला. दादा मोजणीदार, मी केबल ओढणारा. मोजणीचं ऑफिस वर, जमिनीवर. तिथल्या मोठ्या मशीनमध्ये खाणीचे सगळे नकाशे. दुसरं मशीन एकशे ऐंशी मीटर खाली, तिसऱ्या मजल्याच्या बोगद्यात, पत्र्याच्या पेटीत. त्या दोघांमधली केबल मी ओढली, माझ्या खांद्यावरून. खालच्या मशीनमध्ये 'नकाशे' नावाचा एक फोल्डर होता. दादा काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायचा, की वरच्या मशीनमधला फोल्डर येऊन त्या फोल्डरवर बसायचा. मग वर मारलेली रेघ खाली दिसायची, आणि खाली लिहिलेलं मोजमाप वर जमा व्हायचं. याला इंग्रजीत माउंट म्हणतात. दादा चादर म्हणायचा.

"समज, खाटेवर काहीतरी पडलंय आणि तू वरून चादर घातलीस," तो म्हणायचा. "पडलेलं गेलं का? नाही ना. फक्त दिसत नाही. चादर ओढ, ते पुन्हा तुझ्यासमोर."

खाटेवर जे पडलं होतं, तो जुना नकाशा. पहिल्या दिवशी जोडणी तपासायला दादाने तो खालच्या फोल्डरमध्ये टाकला होता. "काढतो रे उद्या," असं वर्षभर म्हणत राहिला. त्याची चूक म्हणाल तर एवढीच.

नव्या नकाशावर त्याने लाल रेघ मारली होती. आमच्या तिसऱ्या मजल्याला लागून साठ वर्षांपूर्वीची बंद खाण आहे, पाण्याने काठोकाठ भरलेली. दादाने कुठलेकुठले कुजके कागद वाचून ती शोधली. लाल रेघेपलीकडे दगड फोडायचं यंत्र लावायचं नाही, असं त्यावर लिहिलं. जुन्या नकाशात त्या जागी काहीच नव्हतं. कोरी जागा म्हणजे घट्ट दगड, असं कोणीही समजेल.

त्या सकाळी आठ वाजता मी खाली होतो. भिंतीवरचा फोन वाजला. मास्तर.

"बारक्या, तुझ्या हेल्मेटात ती चिठ्ठी आहे ना, दादाची? वरचं मशीन बंद करून चालू करायचंय. तेवढी खालची चादर काढून ठेव, नाहीतर ते मशीन वरच्याची वाट बघत अडकून बसेल. परत मी घालतो."

खरंच अडकतं ते. दादानेच सांगितलं होतं. चिठ्ठीवर चार ओळी होत्या. मी तिसरी टाइप केली, एका बोटाने, अक्षर बघून बघून. फोल्डर होता तसाच दिसत होता. नावही तेच. मी केबलचं रीळ आणायला वर निघालो.

माझ्यामागून यंत्रावरचे पैलवान आणि शिट्टी पेटीपाशी आले. पैलवान म्हणजे काडी. फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून पैलवान. शिट्टी त्याचा जोडीदार, बोलायचा कमी, शिट्टी वाजवायचा जास्त, एकच चाल, तीही अर्धी. त्यांनी पडद्यावर जुना नकाशा बघितला आणि कोऱ्या जागी यंत्र लावलं.

मी पिंजऱ्यातून, खाणीच्या लिफ्टमधून, वर आलो तर दादा धावत येत होता. वरच्या यादीत खालचं मशीन दिसत नाही, हे त्याला कळलं होतं. खाली फोन कोणी उचलत नव्हतं. यंत्राच्या आवाजात काय ऐकू येणार? मला बाजूला सारून तो पिंजऱ्यात शिरला. जाळीचं दार लागलं.

"चादर कोणी काढली रे?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं, तोवर पिंजरा खाली गेला होता.

नऊ वाजून पाच मिनिटांनी भोंगा झाला. बंद खाणीचं पाणी फुटून तिसरा मजला भरला. चार दिवसांनी पाण्याच्या पातळीवर भिंत घालून तो बंद केला. तिघांपैकी कोणालाच वर आणलं नाही. चौकशीच्या कागदावर लिहिलं: मोजणीदाराची हयगय. जुना नकाशा काढला नाही, जोडणी सांभाळली नाही, स्वतः मेला आणि दोघांना मारलं.

मास्तर आमच्या बापाचे दोस्त. बाप गेल्यावर दादाला त्यांनीच हाताला धरून मोजणीत आणलं. मला बारक्या हे नाव त्यांनीच ठेवलं. आमच्या घरी शेवटची पोळी कायम त्यांच्या ताटात. दादाचं प्रेतही हाती आलं नव्हतं तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "दादा नसला म्हणून काय झालं, मी आहे ना." तो हात मला अजून जाणवतो. पाठीत सुरा असेल तर असाच जाणवत असेल.

चौकशी संपल्यावर बाहेर मी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. दात पडला. माझी नोकरी गेली. आणि त्यानंतर मी काहीही सांगितलं तरी ते दात पाडणाऱ्याचं बोलणं झालं.

वहिनीला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती एकदाच म्हणाली, "भावजी, खरंच यांची चूक होती?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग कोणाची?" मी चप्पल घालून बाहेर गेलो.

सोळाव्या दिवशी मी दादाचं सामान आणायला मोजणीच्या ऑफिसात गेलो. वहिनीने यादी दिली होती: डबा, स्वेटर, चष्म्याचं घर. भर दुपार. खिडक्यांतून ऊन टेबलांवर पडलेलं. मास्तर जेवायला गेले होते. हजेरीच्या बाई तेवढ्या होत्या. वीस वर्षं त्याच खुर्चीत बसून सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहितात.

"घे आणि जा," त्या हळूच म्हणाल्या. "ते यायच्या आत."

मी डबा घेतला. उघडला नाही. स्वेटर खुर्चीच्या पाठीवरच होतं. ते हातात घेतलं आणि मला वास आला. दादाचा नाही. खालचा. ओल्या दगडाचा, गंजाचा, ग्रीसचा. स्वेटर कोरडं होतं.

मोठं मशीन चालू होतं. का कोण जाणे, मी खुर्चीत बसलो. चिठ्ठीवरची चौथी ओळ मला पाठ होती. आपल्या फोल्डरला कोणकोण जोडलेलं आहे, त्याची यादी तिने दिसते. टाइप केली.

एकच नाव आलं. खालचं मशीन.

"बाई… हे बघा."

त्यांनी चष्मा वर केला. "जुनी नोंद असेल रे. ही यादी गेलेल्याला विसरत नाही. तुझा दादाच म्हणायचा, जोडणी न सोडता मशीन बंद पडलं तर नाव राहतं."

"मग हे?"

फोल्डरमध्ये फायली होत्या. दादाच्या मोजणीच्या. तो दर खुणेला एक फाइल लिहायचा: खुणेचा नंबर, अंतर, दिशा, छत, पाणी. तो गेला त्या दिवशी एक्केचाळीसपर्यंत आला होता. पडद्यावर एकावन्नपर्यंत होत्या. दर एक-दोन दिवसांनी एक. शेवटची आजची, सकाळची.

बाईंनी मालकाचा रकाना वाचला. मशीन ज्याला ओळखत नाही, त्याच्या फाइलवर मालक म्हणून 'नोबडी' लिहितं. कोणीच नाही. दहाच्या दहा फायली कोणाच्याच नव्हत्या.

मी बेचाळीस उघडली. बोट फिरवत वाचली.

'खूण ४२. अंतर ११.४०. छत ठीक. पाणी छातीइतकं. तिघे. चादर कोणी काढली?'

त्रेचाळीस. 'अंतर ९.१५. छत खाली येतंय. तिघे. चादर कोणी काढली?'

सगळ्यांच्या शेवटी तेच. सगळ्यांच्या.

बाईंचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. त्यांनी मशीनची रोजनिशी उघडली. कोणी कधी जोडलं, कधी सोडलं, हे त्यात आपोआप लिहिलं जातं. त्या दिवशीच्या दोनच ओळी होत्या. आठ वाजून चार मिनिटं: खालच्या मशीनने जोडणी सोडली. नऊ वाजून बारा मिनिटं: खालच्या मशीनने जोडणी मागितली. दिली.

"भोंगा नऊ पाचला…" बाई म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावरच्या नऊ बाराला बोट लावलं.

सात मिनिटं. पाण्याने बोगदा भरल्यावर सात मिनिटांनी कोणीतरी खाली बसून चादर परत घातली होती.

"केबल," मी म्हणालो. "केबलमधून काहीतरी होत असेल."

कोपऱ्यात भिंतीवर खिळा होता. त्याला केबलचं टोक वेटोळं करून टांगलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी मशीनमधून उपटलेलं. ते टोक कशालाच लावलेलं नव्हतं. मी जवळ गेलो. टोकातून एक थेंब सुटला आणि फरशीवर पडला. फरशीवर त्या जागी गंजाचा तांबडा डाग होता, ताटलीएवढा. एकशे ऐंशी मीटर खालून पाणी केबलमधून वर चढत नाही, हे मला सातवीत सोडूनही कळतं.

बाई रडायला लागल्या. "मी ऐकलं होतं रे," म्हणाल्या. "त्या सकाळी. मास्तर मालकांना फोनवर सांगत होते, आजचा दिवस जाऊ द्या, लाल रेघ खालच्यांना उद्या दाखवतो. ती रेघ दाखवली असती तर काम महिनाभर थांबलं असतं. नंतर तुला फोन केला, तोही ऐकला. मशीन त्यांनी बंद केलंच नाही. हातसुद्धा लावला नाही."

"चौकशीत का नाही बोललात?"

"मला कोणी विचारलं नाही."

"मी विचारलं होतं, बाई. उभा राहून विचारलं होतं."

त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात मास्तर आले. पडलेल्या दाताच्या जागी काळी फट. मला बघून दारातच थांबले. "तू? गेटवर कोणी सोडलं तुला?"

मी त्यांना दंडाला धरून मशीनसमोर आणलं. "वाचा. तुम्हाला तर भराभर वाचता येतं."

त्यांनी वाचलं. मान वर केली तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज तोच, घरचा. "बारक्या, दुःखाने माणूस काहीही करतो. मी समजू शकतो. पण मेलेल्या भावाच्या नावाने असल्या फायली लिहायच्या?"

"मी?" मला हसू आलं, खरंच आलं. "मला दिशा-अंतर लिहिता येतं? स्वतःचं नाव लिहायला मला अर्धा तास लागतो, मास्तर. तुम्हीच चिडवायचात."

"मग काढ ती जोडणी. चिठ्ठी आहे ना तुझ्याकडे? काढ. तुझ्याच हाताने काढ."

तोच शब्द. तसाच. जणू मी म्हणजे त्यांचं लांब केलेलं बोट.

"तेव्हाही मीच काढली, मास्तर," मी म्हणालो. "तुम्ही सांगितलं म्हणून."

"मी कधी सांगितलं?" ते कुजबुजले. बाईंकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली… आणि मग, हळूहळू, वर केली. डोळ्याला डोळा भिडवला. मास्तरांनी मला ढकलून खुर्ची घेतली. परवानगीच्या यादीतून खालच्या मशीनची ओळ स्वतः खोडली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मग माझी चौथी ओळ टाइप केली.

खालचं मशीन. तिथेच.

फोल्डरमध्ये बावन्न नंबर आला होता. आमच्या डोळ्यांदेखत.

'खूण ५२. चढ लागला. पाणी गुडघ्याइतकं. तिघे. चादर कोणी काढली?'

मास्तर उठले. टोपी टेबलावर राहिली. गेले ते मागे न बघता.

मी नकाशा उघडायला सांगितला. बाईंनी खुणा एकेक करून मांडल्या. रेघ लाल रेघेच्या पलीकडे जात होती, बंद खाणीतून, मग वळत होती, वर येत होती. दादाने नव्या नकाशावर निळ्या रंगात एक गोल काढला होता: जुनी हवेची विहीर. बंद खाणीला हवा पुरवायला खणलेली. रेघ तिकडेच चालली होती. आणि त्या विहिरीचं तोंड कुठे आहे, हे बाईंना माहीत होतं.

"मागच्या कोठारात," त्या म्हणाल्या. "कागदांच्या कपाटाखाली. लोखंडी झाकण आहे, चार बोल्टचं."

दादा मला एक गोष्ट विचारत होता, दहा-अकरा वेळा, पाण्यात उभं राहून. आणि मी पिंजऱ्यापाशी तोंड उघडं टाकून उभा होतो तसाच अजून उभा होतो. मी खुर्चीत बसलो. नवी फाइल केली. एका बोटाने लिहिलं, ऊन टेबलावरून खाली उतरेपर्यंत लिहिलं:

'मी काढली. मास्तरांनी सांगितलं. मला माहीत नव्हतं दादा. बारक्या.'

घरी गेल्यावर वहिनीलाही सांगितलं. सगळं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. खडा सापडला की बाजूला ठेवायची, आणि मला वाटत होतं, प्रत्येक खडा मीच आहे.

तीन दिवस मी ऑफिसच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहायचो. बाई खिडकीत येऊन बोटांनी नंबर दाखवायच्या. पंचावन्न. सत्तावन्न. चौथ्या दिवशी सुट्टी होती, ऑफिस बंद. पण बाई आल्या होत्या. त्यांनी मागचं दार उघडलं.

"मास्तर त्या दिवसापासून आले नाहीत," त्या म्हणाल्या. "घरचे सांगतात, ऑफिसला जातो म्हणून निघाले. रजेचा अर्ज मात्र टेबलावर आहे. अक्षर त्यांचंच. कागद भिजून वाळलेला. माझ्या हजेरीत त्यांचं येणं नाही, जाणंही नाही."

"आणि फायली?"

त्यांनी शेवटची दाखवली. साठ.

'खूण ६०. झाकण. वरून बंद. पाणी नाही. चौघे.'

प्रश्न नव्हता. मी पुन्हा बोट फिरवलं. प्रश्न कुठेच नव्हता. फक्त शेवटचा शब्द.

चौघे.

"चौथा कोण?" मी विचारलं.

बाई दारापर्यंत मागे सरकल्या होत्या. "उघडू नकोस," त्या म्हणाल्या. "बारक्या… काय आहे खाली, माहीत नाही."

माझ्या हातात पिशवी होती. सकाळी निघताना वहिनीने दिलेली. आत दादाचा इस्त्री केलेला शर्ट, आणि घडी करून दोन टॉवेल, पैलवान आणि शिट्टीसाठी. चौथ्यासाठी काही नव्हतं. वहिनीला तिघेच माहीत होते.

मी कपाट ढकललं. झाकण खाली होतं, गंजलेलं, हात लावला तर कोमट. कोठारात ऊन येत होतं, धूळ तरंगत होती, बाहेर कुठेतरी कोणी सायकलची घंटा वाजवत गेलं. साधी दुपार. झाकणाखालून आवाज आला म्हणावं असं काही नव्हतं. फक्त एक चाल, शिट्टीवर, अर्धी. अर्ध्यावर थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

चौथा मास्तर असतील, तर त्यांना मी वर काढतोय. चौथा मी असेन, मोजणीत आधीच धरलेला, तरी चालेल. दादा मोजण्यात चुकत नाही. त्याने माझं उत्तर वाचलंय. रागावला असेल तर रागावू दे. चौकशीतल्या मास्तरांसारखं पाण्याच्या ग्लासाकडे बघत तर नाही बसणार.

मी शर्ट आणि टॉवेल कोरड्या फरशीवर मांडून ठेवले. सोबत आणलेला दादाचा पाना घेतला. पहिला बोल्ट जोर लावल्यावर निघाला. दुसराही. तिसऱ्याला वेळ लागला, हात सोलवटले.

चौथ्याला पाना लावायला मी वाकलो, तर तो आधीच फिरत होता.